होळकर संघाचा शेवटचा डाव

१९५५ साली रणजी करंडकाचा अंतिम सामना इंदूरला झाला आणि मद्रासने होळकर संघाला ४६ धावांनी हरवलं. मद्रास ४७८ आणि ३११, होळकर ४१७ आणि ३२६. शेवटच्या डावात ३७३ धावा हव्या होत्या आणि त्यातल्या ३२६ झाल्या. घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर इतक्या जवळ येऊन हरलेल्या संघाचं मन कसं असेल ते सांगायला नको. पण असा पराभव म्हणजे काही जगबुडी नव्हे. पुढच्या वर्षी बघून घेऊ, असंच कुणीही म्हणालं असतं.

पुढचं वर्ष आलंच नाही. १९५५-५६ च्या मोसमात होळकर नावाचा संघ स्पर्धेत नव्हता. त्या जागी मध्य भारत असं नाव लागलं, थोड्याच काळात तेही गेलं आणि मध्य प्रदेश आलं.

एखादा बलाढ्य संघ लयाला गेला की त्याची गोष्ट आपण ठरलेल्या चालीत सांगतो. आधी वैभव, मग आळस, मग भांडणं, मग तळाची जागा, आणि शेवटी कुणीतरी दिवा मालवतो. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं बरंचसं तसंच झालं. प्रशिक्षक अॅमॉस अलोंझो स्टॅग यांनी १८९२ पासून चाळीस वर्षं तो संघ चालवला आणि सात वेळा आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधला सर्वोत्तम खेळाडूचा जो करंडक आज हाइझमन म्हणून ओळखला जातो, तो १९३५ साली पहिल्यांदा दिला गेला तोही शिकागोच्याच जे बर्वँगरला. पण १९३९ मध्ये हाच संघ मिशिगनकडून ८५-० असा हरला आणि त्याच वर्षअखेरीला विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉलच बंद करून टाकलं. तिथे निदान आधी घसरण झाली होती, मग कुलूप लागलं. होळकर संघाचं उलटं आहे. त्याची घसरण मैदानावर कधी दिसलीच नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा मोसमांत हा संघ दहा वेळा अंतिम फेरीत होता. चुकलं ते फक्त १९४८-४९ चं वर्ष. चार विजेतेपदं, सहा उपविजेतेपदं. शेवटच्या मोसमातही तो अंतिम सामना खेळूनच मैदानाबाहेर आला. म्हणून त्याच्या ऱ्हासाची कारणं धावफलकात शोधली तर हाती काही लागत नाही. ती दुसरीकडेच आहेत.

सुरुवात १९२३ पासून करावी लागते. नागपूरचा एक उंच, ताठ कण्याचा तरुण इंदूरला आला. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सगळ्या हिंदुस्थानचे सी. के. त्यांना बोलावणारे महाराज होते तुकोजीराव होळकर तिसरे. सी. के. ना फौजेत कॅप्टनचा हुद्दा मिळाला, पुढे ते कर्नल झाले. ही संस्थानी पद्धत होती. खेळाडूला खेळण्याचे पैसे द्यायचे नाहीत, त्याला नोकरी द्यायची. हुद्दा, पगार आणि गावात मान. क्रिकेटचा मोसम आला की हुद्देदार मैदानावर. सी. के. नी १९२६ च्या डिसेंबरात मुंबईत गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या आणि त्यात अकरा षटकार मारले, तेव्हा ते इंदूरकरच होते. १९३२ मध्ये ते भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले तेव्हाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी, कारण पुढे ती कामाला येणार आहे. ज्या महाराजांनी सी. के. ना आणलं, ते तीनच वर्षांत गादीवरून गेले. १९२५ च्या जानेवारीत मुंबईत मलबार हिलवर बावला खून प्रकरण घडलं, त्याचे धागे इंदूरच्या दरबारापर्यंत पोहोचले आणि १९२६ च्या फेब्रुवारीत तुकोजीरावांना गादी सोडावी लागली. त्यांचे चिरंजीव यशवंतराव महाराज झाले. ऑक्सफर्डला शिकलेला, युरोपातल्या नव्या कलेचा शौकीन असा हा राजा. माणिकबाग राजवाडा त्याने एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पीकडून अगदी आधुनिक थाटात बांधून घेतला, ब्रँकुसीची शिल्पं विकत घेतली. आश्रयदाता बदलला, स्वभावही बदलला, पण क्रिकेट थांबलं नाही. उलट संघ खरा उभा राहिला तो यशवंतरावांच्याच काळात. आधी सेंट्रल इंडिया या नावाने खेळणारी ही मंडळी १९४१-४२ पासून थेट होळकर म्हणून रणजी करंडकात उतरली.

संघातली नावं वाचताना मराठी माणसाला आपल्याच वाड्यातली हजेरी घेतल्यासारखं वाटतं. चंदू सरवटे, माधवसिंह जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड, खंडू रांगणेकर. सोबत खुद्द इंदूरचे मुश्ताक अली, ज्यांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय असा मान मिळवला. सी. के. चे धाकटे बंधू सी. एस. ही काही काळ होते. सरवटे आमच्या जबलपूरच्या बाजूचे, सागरचे. शिक्षण वकिलीचं, व्यवसाय बोटांच्या ठशांच्या तज्ज्ञाचा आणि हातात फिरकी. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध शेवटच्या जोडीला शुटे बॅनर्जींबरोबर त्यांनी २४९ धावा जोडल्या होत्या. दहावा फलंदाज आणि अकरावा फलंदाज, दोघांचीही शतकं. निंबाळकरांचं तर काय सांगावं! १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद असताना प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता. इतकं करूनही या माणसाला कसोटी सामना एकही मिळाला नाही.

या संघाची फलंदाजी ऐन भरात असताना कशी होती ते १९४५-४६ च्या म्हैसूरविरुद्धच्या सामन्यात दिसतं. होळकर ८ बाद ९१२, डाव घोषित. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. १०१, निंबाळकर १७२, प्रताप सिंग १००. एका डावात सहा शतकं. असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. म्हैसूरच्या गरुडाचार यांनी या डावात ६९ षटकं टाकली आणि ३०१ धावा दिल्या. बळी चार. म्हैसूरने दुसऱ्या डावात पाचशेच्या वर धावा करून दाखवल्या, त्यामुळे खेळपट्टी कुणाच्या बाजूची होती हे उघड आहे. तरी सहा जण एकाच डावात शंभरी गाठतात म्हणजे पाचवा आणि सहावा येताना थकलेला नसतो, तृप्तही नसतो. ती सवय सी. के. नी लावलेली. त्यांच्या संघात बेशिस्त चालत नसे, आणि पन्नाशीला आलेला कर्णधार स्वतः शतक काढतो म्हटल्यावर बाकीच्यांना कारण कसलं देता येणार? त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध त्यांनी २०० काढल्या. होळकर ५६ धावांनी जिंकले आणि पहिल्यांदा करंडक इंदूरला आला.

पण माझ्या मते होळकर संघ समजून घ्यायचा तर जिंकलेल्यापेक्षा हरलेला सामना पाहावा, त्याआधीच्या वर्षाचा. मार्च १९४५, ब्रेबॉर्न स्टेडियम, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबई ४६२ आणि ७६४, त्यात विजय मर्चंटांच्या २७८. होळकर ३६० आणि ४९२. चार डावांत मिळून २०७८ धावा. सामना निकाल लागेपर्यंत खेळायचा होता, दिवस मोजायचे नव्हते. सी. एस. नायडूंनी दोन्ही डाव मिळून १५२.५ षटकं टाकली, म्हणजे ९१७ चेंडू. ११ बळी, ४२८ धावा. आजच्या गोलंदाजाला हे आकडे दाखवले तर तो आधी त्यांच्या खांद्याची चौकशी करेल. होळकरांपुढे जिंकायला ८६७ धावा होत्या. मुश्ताक अलींनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्यात १३९ केल्या. आणि दुसऱ्या टोकाला होता एक इंग्रज, डेनिस कॉम्प्टन. युद्धाच्या निमित्ताने तो इंदूरजवळच्या महूच्या छावणीत होता आणि होळकरांनी त्याला संघात घेतला होता. तो २४९ वर नाबाद राहिला. शंभरीनंतरच्या प्रत्येक धावेला रोख बक्षीस देऊ, असं एका धनिकाने त्याला सांगितलं होतं म्हणे, आणि डाव संपला तेव्हा तो गृहस्थ अचानक गाव सोडून गेला होता. कॉम्प्टनच हा किस्सा पुढे सांगायचा. होळकर ३७४ धावांनी हरले.

या एका सामन्यात संघाची सगळी रचना उघडी पडते. सी. के. नागपूरहून आणलेले, निंबाळकर कोल्हापूरचे, कॉम्प्टन छावणीतून उचललेला. मुश्ताक आणि जगदाळे घरचे. जिथे चांगला खेळाडू दिसेल तिथून तो आणायचा, त्याला नोकरी द्यायची आणि सी. के. च्या हाताखाली घालायचा. ही पद्धत झटपट फळ देते, त्यात वाद नाही. समोरच्या मुंबईची पद्धत वेगळी होती. तिथे एक राजा नव्हता. शाळांसाठी हॅरिस आणि जाइल्स ढाली होत्या, कॉलेजं होती, जिमखाने होते, कचेऱ्यांसाठी टाइम्स ढाल होती, आणि १९४८ पासून भर पावसाळ्यात चालणारी कांगा लीग. एक मर्चंट गेला तर दुसरा कुठून येणार याची चिंता करायला तिथे कुणाला नेमावं लागत नव्हतं.

बडोदाही संस्थानीच. १९४६ ते १९५० या काळात होळकर आणि बडोदा तीनदा अंतिम सामन्यात समोरासमोर आले. देशाचं विजेतेपद दोन मराठी दरबारांत वाटून घेतलं जात होतं असं म्हणायला हरकत नाही. १९४७ च्या मार्चमधला सामना बडोद्याला झाला. होळकर २०२ मध्ये आटोपले. त्यावर विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या जोडीला ५७७ धावांची भागीदारी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. प्रथम श्रेणी क्रिकेटमधली कोणत्याही जोडीची ती सर्वांत मोठी भागीदारी ठरली आणि २००६ साली संगकारा व जयवर्धने यांनी कोलंबोत ६२४ केल्या तोवर टिकली. होळकर एक डाव आणि ४०९ धावांनी हरले. दुसऱ्या एखाद्या संघाचं कंबरडं मोडलं असतं. होळकरांनी पुढच्याच मोसमात मुंबईला नऊ गडी राखून हरवून करंडक परत आणला.

आणि मग संस्थानच गेलं. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य स्थापन झालं. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. फौज भारतीय सैन्यात, खजिना सरकारात.

आमच्याकडे जुनी माणसं एका वाक्यात विषय मिटवतात: राजाश्रय गेला आणि क्रिकेट संपलं. ऐकायला बरं वाटतं, पण तारखा जुळत नाहीत. संस्थान विलीन झाल्यावर होळकर संघ आणखी सात मोसम खेळला. त्या सातांत सहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि दोनदा करंडक जिंकला. १९५०-५१ मध्ये गुजरातला १८९ धावांनी हरवून, आणि १९५२-५३ मध्ये कलकत्त्याला बंगालविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर. राजा गादीवर नसताना मिळवलेली ही विजेतेपदं आहेत. आधी म्हटलं तसं, तुकोजीराव गेले तेव्हाही क्रिकेट बंद पडलं नव्हतं. मग राजाश्रयाचा काहीच संबंध नव्हता का? होता, पण तो वेगळ्या ठिकाणी. विलीनीकरणाने जे होते त्यांना लगेच घालवलं नाही. त्याने येणाऱ्यांची वाट बंद केली. दरबारच्या फौजेत कॅप्टनची जागा आता कुणाला द्यायची? कोल्हापूरच्या एखाद्या विशीतल्या पोराला इंदूरला येण्यासाठी सांगायचं तरी काय? जुनी मंडळी आपापल्या जागी होती, इंदुरात घरं झाली होती, सी. के. होते. तेवढ्यावर संघ चालला. झाड तोडल्यावर काही दिवस पानं हिरवी राहतात तसा प्रकार, फक्त इथे ते दिवस सात वर्षं लांबले, कारण लाकूड कसदार होतं.

वयाचा हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होतं. सी. के. चा जन्म १८९५ चा. १९५३ मध्ये कलकत्त्याला करंडक घेतला तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. सत्तावन्न! मुश्ताक अली १९१४ चे, चाळिशीच्या उंबरठ्यावर. सरवटे १९२० चे, त्यांचाही भर ओसरू लागलेला. त्या आधीच्या वर्षी, १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईला दत्तू फडकरांचा उसळता चेंडू सी. के. च्या तोंडावर बसला. दोन दात पडले. सांगतात ते असं, की त्यांनी बॅटने दात खेळपट्टीवरून बाजूला सारले, उपचाराला नकार दिला, आणि वेग कमी करू नकोस म्हणून फडकरांनाच बजावलं. हा किस्सा शौर्याचा म्हणून सांगितला जातो आणि तो आहेच. पण छप्पन्न वर्षांच्या माणसाला अजूनही फडकरांसमोर उभं राहावं लागतं, हे त्या संघाच्या तब्येतीचं लक्षणही होतं. होळकर तो सामना ५३१ धावांनी हरले. कर्णधाराच्या मागे उभा राहील असा तिशीच्या आतला दुसरा सी. के. संघात नव्हता, आणि तसा तयार व्हावा म्हणून शाळा-कॉलेजांच्या पातळीवर मुंबईसारखी यंत्रणा इंदुरात कुणी उभी केली नव्हती. ही चूक दरबाराची म्हणा किंवा खुद्द सी. के. ची म्हणा. मला वाटतं दोघांच्याही ती डोक्यात आली नसावी. जिंकणाऱ्या संघात दुरुस्ती करायला कोण धजतं?

१९५२-५३ नंतर सी. के. नी होळकर संघ सोडला आणि ते आंध्रकडून खेळले. पुढे १९५६-५७ मध्ये वयाच्या एकसष्टाव्या वर्षी उत्तर प्रदेशकडून खेळताना राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा काढल्या. १९५३-५४ चा अंतिम सामना होळकर मुंबईकडून आठ गड्यांनी हरले, त्यापुढच्या वर्षी मद्रासकडून. मग नाव गेलं.

नाव जाणं ही किरकोळ बाब वाटेल. बडोद्याकडे पाहा. बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, पुढे गुजरातमध्ये गेलं. राज्य दोनदा बदललं, पण बडोद्याचा संघ बडोदा म्हणूनच राहिला. वेगळी संघटना, वेगळं मतदान, वेगळी निवड समिती. फत्तेसिंहराव गायकवाड पुढे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षही झाले. १९५७-५८ मध्ये बडोद्याने पुन्हा करंडक जिंकला, २०००-०१ मध्ये पुन्हा. आज गुजरातमध्ये रणजी खेळणारे तीन संघ आहेत, गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा, आणि बडोद्याच्या मुलाला अहमदाबादच्या मुलाशी जागेसाठी भांडावं लागत नाही. इंदूरच्या वाट्याला हे आलं नाही. होळकरांचा संघ राज्याच्या नकाशात विरघळला.

आणि तो नकाशा म्हणजे आमचा. १९५५ साली इंदूर आणि जबलपूर एका राज्यात नव्हते. जबलपूर जुन्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर होती. राइट टाउनात आणि नेपियर टाउनात जी मराठी कुटुंबं दिसतात, त्यांच्यातली कितीतरी त्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या काळात सरकारी नोकरी, कोर्ट, शाळा, रेल्वे या वाटांनी इथे येऊन रुजली. त्यांच्या लेखी मोठं गाव म्हणजे नागपूर. इंदूर फार लांब, दुसऱ्या राजाचं. १ नोव्हेंबर १९५६ ला सगळं उलटसुलट झालं. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर आणि इंदूर एका नव्या मध्य प्रदेशात आले, राजधानी भोपाळ, उच्च न्यायालय जबलपूरला. राजधानी हुकली म्हणून जबलपूरकर अजून हळहळतात, पण क्रिकेटपुरतं पाहिलं तर नुकसान इंदूरचं झालं. एका शहराभोवती उभा असलेला संघ आता इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, सागर, रेवा, भोपाळ एवढ्या पसाऱ्याचा झाला. या गावांमध्ये रात्रभराच्या प्रवासाचं अंतर. जबलपूर तर तसं हॉकीचं गाव. राइट टाउनचं स्टेडियम आहे, पण इथल्या पोराला रणजीत खेळायचं तर डोळे इंदूरकडे लावूनच बसावं लागलं. आमच्या गावात जन्मलेला अमय खुरासिया १९९९ मध्ये भारताकडून एकदिवसीय सामने खेळला, तेव्हा इथे जो आनंद झाला त्यात थोडा हेवाही मिसळलेला होता. एवढ्या मोठ्या शहरातून इतके कमी का, असा.

स्पर्धेचा साचाही त्याच सुमाराला बदलला. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने सुरू झाले. मध्य विभागात मध्य प्रदेशाबरोबर उत्तर प्रदेश, विदर्भ आणि राजस्थान. त्यात राजस्थानकडे आता तेच होतं जे पूर्वी होळकरांकडे होतं: मेवाडच्या महाराणांचा पाठिंबा, बाहेरून आणलेले विनू मांकड, सलीम दुराणी यांच्यासारखे खेळाडू. राजस्थानने १९६०-६१ ते १९६९-७० या दहा मोसमांत सात वेळा अंतिम फेरी गाठली आणि सातही वेळा मुंबईकडून मार खाल्ला. जिंकण्याची पद्धत होळकरांची, आणि शेवटही बराच त्याच वळणाचा. मुंबईने मात्र १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा वर्षं करंडक सोडला नाही. इकडे होळकरांच्या माणसांची पांगापांग झाली होती. निंबाळकर राजस्थान आणि रेल्वेकडून खेळले. सरवटे मात्र मध्य प्रदेशाला चिकटून राहिले, १९६७-६८ पर्यंत.

पुढची चाळीसेक वर्षं भराभर सांगून टाकण्यासारखीच आहेत. मध्य प्रदेश हा कुणाला धास्ती वाटावी असा संघ नव्हता. मधूनच एखादा चमके. गोरखपूरहून इंदूरला आलेल्या नरेंद्र हिरवाणीला संजय जगदाळे यांनी घडवलं, आणि १९८८ मध्ये पहिल्याच कसोटीत मद्रासला त्याने वेस्ट इंडिजचे १६ बळी घेतले. हे संजय म्हणजे होळकर संघातल्या माधवसिंहांचे चिरंजीव. जुन्या संघाचा वारसा पुढे आला तो असा, घराण्यातून आणि शिकवण्यातून. संदीप पाटील मुंबई सोडून काही मोसम मध्य प्रदेशकडून खेळले. बाहेरून माणूस आणायची होळकरी रीत पूर्ण मेली नव्हती, पण आता तिच्यामागे नोकरी देणारा दरबार नव्हता.

१९९८-९९ मध्ये अखेर अंतिम फेरी आली, बंगळूरला, कर्नाटकविरुद्ध. कर्णधार चंद्रकांत पंडित, तोही मुंबईहून आलेला. कर्नाटक ३०४, मध्य प्रदेश ३७९. ७५ धावांची आघाडी. सामना नुसता अनिर्णित राहिला असता तरी करंडक मिळत होता. कर्नाटकने दुसऱ्या डावात ३२१ केल्या आणि शेवटच्या दिवशी मध्य प्रदेशला वेळ काढायचा होता. विजय भारद्वाजने सहा बळी घेतले, डाव १५० वर संपला, ९६ धावांनी हार. एक सत्र, फक्त एक सत्र उभे राहिले असते तर. हे वाक्य मी इंदुरात, भोपाळात आणि आमच्या गल्लीतही ऐकलंय, आणि बोलणाऱ्याचा आवाज दर वेळी सारखाच चढतो.

पंडितांनी नंतर प्रशिक्षक म्हणून २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षं विदर्भाला करंडक मिळवून दिला. म्हणजे जुन्या मध्य प्रांताचा नागपूरकडचा तुकडा आमच्या आधी जिंकला. मग ते मध्य प्रदेशात आले. त्यांच्या शिस्तीबद्दल खेळाडू जे सांगतात ते ऐकताना सी. के. आठवतात, पण फरक मोठा आहे. सी. के. कडे तयार माणसं होती. पंडितांना राज्यभरातून, वयोगटांच्या स्पर्धांतून वर आलेली पोरं मिळाली. जे १९५० साली इंदुरात व्हायला हवं होतं ते इतक्या उशिरा, संघटनेच्या संथ कारभारातून का होईना, झालं होतं. २६ जून २०२२ ला त्याच बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने मुंबईला सहा गडी राखून हरवलं. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, रजत पाटीदार १२२, एकूण ५३६. कर्णधार आदित्य श्रीवास्तव. मुंबईच्या सर्फराझ खानचं १३४ वाया गेलं. कलकत्त्याच्या विजयाला तेव्हा ६९ वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत गंमत होती. काहींनी लिहिलं मध्य प्रदेशचं पहिलं विजेतेपद, काहींनी होळकर धरून पाचवं. इंदूरच्या स्टेडियमला २०१० पासून होळकरांचं नाव आहे, देशभरातली टी-ट्वेंटी स्पर्धा सय्यद मुश्ताक अलींच्या नावाने चालते, तरुणांच्या एका स्पर्धेला सी. के. नायडूंचं नाव आहे. पण रणजीच्या नोंदी ठेवणारे भावनेला जागा देत नाहीत. विजेत्यांच्या यादीत बडोदा पाच, होळकर चार, आणि मध्य प्रदेश, वेगळ्या ओळीत, एक.